परत आलेलं ताट



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याबरोबर मी वॉर्डात राउंड घेतलेले आहेत. नाडीला हात लावण्याआधी ते लॉकरवरच्या ताटावरचं झाकण उचलून बघायचे. भात तसाच पडलेला दिसला की विचारायचे, "सिस्टर, काल रात्रीही असाच होता का?" या प्रश्नाचं उत्तर केसपेपरात सापडायचं नाही. आजचं माझं बोलणं त्या न सापडणाऱ्या उत्तराबद्दलच आहे.

मी आहारतज्ज्ञ. माझी नोकरी सरकारी रुग्णालयात झाली. तिथे रुग्णाची लघवी मिलिलिटरमध्ये मोजतात, सलाइनची वेळ लिहितात, गोळी दिली की सिस्टर सही करतात. जेवणापुढे मात्र एवढंच लिहिलेलं असतं: सॉफ्ट डाएट, डायबेटिक डाएट, सॉल्ट फ्री. हे स्वयंपाकघराला दिलेलं फर्मान झालं. त्यातलं पोटात किती गेलं, हे लिहायला कागदावर रकानाच नसतो. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. खास आहार लिहून दिल्याने रुग्णाची गरज भागत नाही, तो खाल्ला गेला तरच भागते, आणि खाल्ला गेला की नाही हे बघणं हे उपचाराचंच काम आहे.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये हायरम स्टडली या सर्जननी जठरव्रणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले सुमारे ३३ टक्के दगावले. बाकीच्यांमध्ये हेच प्रमाण ३.५ टक्के होतं. सर्जन तेच, भूल तीच, फरक अंगावरच्या मांसाचा. पुढे १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ या डॉक्टरांनी उघडपणे लिहिलं की मोठमोठ्या रुग्णालयांत माणसं उपचार घेता घेता कुपोषित होतात आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. त्यांच्या आधी शंभरावर वर्षं फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या आपल्या पुस्तकात परिचारिकांना बजावलं होतं, की न खाल्लेलं अन्न एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत रुग्णाच्या उशाशी ठेवू नका. क्रिमियाच्या युद्धात त्यांनी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात मांस हाडासकट वजन करून वाटताना पाहिलं होतं. शिधा प्रत्येकाला नियमाप्रमाणे मिळे, पण एखाद्याच्या वाट्याला नुसतं हाडच येई. १८५५ मध्ये लंडनचे नामांकित आचारी अलेक्सिस सोयर तिथे गेले आणि त्यांनी ती स्वयंपाकघरं मार्गी लावली. आपल्याकडे आजही माणशी इतके ग्रॅम डाळ, इतके ग्रॅम तांदूळ असा हिशेब असतो. तो हवाच, कारण त्याशिवाय चोरी थांबत नाही. पण त्या हिशेबाची मजल भांडारापासून ट्रॉलीपर्यंत. ट्रॉलीच्या पुढचं काम कोणाच्याच नावावर नसतं.

ट्रॉलीच्या आधी काय घडतं ते सांगते. सकाळी सिस्टर डाएट शीट भरतात, ती स्वयंपाकघरात जाते, तिच्यावरून आचारी भात-डाळीचा अंदाज घेतात. दहा वाजता डॉक्टरांचा राउंड होतो. एकाची सलाइन बंद होते, दुसऱ्याला जेवण सुरू करा म्हणतात, तिसऱ्याचं क्रिएटिनिन वाढलेलं निघतं. शीट तर केव्हाच गेलेली असते. दुपारी मावशी ट्रॉली ढकलत येतात, त्यांच्या हातातला कागद सकाळी सातचा आणि समोरचा रुग्ण दुपारी बाराचा. यात कोणाचा आळस नाही. राउंडनंतर शीट दुरुस्त करून पाठवण्याची दुसरी वेळ ठरवली, की निम्मा घोळ मिटतो. इन्सुलिनचंही तसंच. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास देतात. ते वेळेवर टोचलं आणि ट्रॉली लिफ्टसाठी पाऊण तास खोळंबली, तर रुग्णाला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. ज्या वॉर्डाला लिफ्ट उशिरा मिळते, तिथे ट्रॉली दिसल्यावरच इन्सुलिन द्यावं, एवढा साधा नियम मी भांडून करून घेतला होता.

आता खास आहाराकडे येते. आपल्या मनात खास आहार म्हणजे नुसती वजाबाकी. मीठ नको, तेल नको, साखर नको, बटाटा नको, केळं नको. एवढं सगळं वगळल्यावर ताटात उरतो पांढरा भात आणि पिवळं पाणी. हृदयविकाराच्या रुग्णाला बिनमिठाची डाळ नेऊन द्यायची आणि तो खात नाही म्हणून रागवायचं, हे मला कधी पटलं नाही. सून उशीखालून लोणच्याची बाटली काढते, कारण सासऱ्यांच्या पोटात दोन घास जावेत असं तिला मनापासून वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे धडधाकट माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. लोणच्याच्या दोन फोडी आणि एक पापड यातच त्यातला मोठा वाटा संपतो. पण नुसतं नको म्हणून ती बाटली जात नाही. डाळीला लसूण-जिऱ्याची खमंग फोडणी दिली, वर लिंबू पिळलं, भाजीत ओलं खोबरं आणि कोथिंबीर घातली, आमटीत दोन आमसुलं टाकली, तर मिठाची उणीव बरीच भरून निघते. आणि आपली भाकरी! बहुतेक घरांत भाकरीच्या पिठात मीठ घालतच नाहीत. पाव, खारी, टोस्ट यांत मीठ दडलेलं असतं, ज्वारीच्या भाकरीत ते नसतं. म्हणजे कमी मिठाच्या आहाराचा पाया आपल्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या तयारच आहे. तरी रुग्णालयात सकाळी पाव मिळतो आणि दुपारी यंत्राची चपाती. कारण भाकरी हाताने थापावी लागते, त्याला माणसं लागतात आणि निविदेत ती माणसं धरलेली नसतात. ज्यांचा जन्म भाकरीवर गेला, त्यांना निदान एक वेळ भाकरी मिळावी यासाठी दोन बाया जास्त नेमणं परवडत नाही, हे मला मान्य नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचं दुखणं वेगळं. कोणत्याही रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शहाळीवाला असतोच. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही ही आपली रीत, आणि शहाळं म्हणजे थंड, हलकं, पवित्र. पण एका शहाळ्याच्या पाण्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असू शकतं. निकामी मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तातलं पोटॅशियम साडेपाचाच्या वर चढत गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. डायलिसिसच्या वॉर्डात प्रेमाने आणलेलं शहाळं हे सगळ्यात धोकादायक वाण. बीपीसाठी चांगलं म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठही तसंच, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. दारावर पाटी लावून भागत नाही. आम्ही भेटीच्या वेळेत वॉर्डाच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्यांना सांगायचो, "ताई, यांना शहाळं नको, सफरचंदाच्या दोन फोडी चालतील." नुसतं नको म्हटलं तर माणूस दुखावतो. त्याऐवजी काय चालेल हे कळलं, की तो दुसऱ्या दिवशी तेच घेऊन येतो.

आमच्या एका आचाऱ्याशी याच बाबतीत माझा बराच वाद झाला. मूत्रपिंडाच्या रुग्णाची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून ही रीत. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच बाळंतिणींच्या वॉर्डासाठी सांगता ना, भाजीचं पाणी फेकू नका म्हणून?" त्यांचं बरोबर होतं. एकाच छपराखाली एका रुग्णासाठी जे सत्त्व, ते दुसऱ्यासाठी विष, आणि हे समजल्याशिवाय कोणी मनापासून करत नाही. मी त्यांना डायलिसिसच्या खोलीत नेलं, यंत्र दाखवलं, दोन रुग्णांशी बोलायला लावलं. त्यानंतर त्या भाजीचं पातेलं ते स्वतः वेगळं ठेवायचे. आचाऱ्यांना वॉर्ड दाखवणं ही चैन नाही, ते प्रशिक्षण आहे. डायलिसिस सुरू झाल्यावर तर गणितच उलटतं. आधी प्रथिनं बेताने द्यायची, पण डायलिसिसमधून ती वाहून जातात म्हणून पुढे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम लागतात. तरी जुना कागद खिशात ठेवून डाळ आणि अंडं टाळत राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत, गालफडं बसलेले, पाय सुजलेले.

ज्यांना गिळता येत नाही, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे. अर्धांगवायू झालेले, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले, फार म्हातारे. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने आपल्याकडे या दुसऱ्या गटात केवढी भर घातली आहे, ते मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात एकदा जाऊन यावं म्हणजे कळतं. अशा माणसाला सगळ्यात घातक काय, तर साधं पाणी. पातळ असल्यामुळे ते घशातून वेगाने उतरतं, श्वासनलिका वेळेवर मिटत नाही, पाणी फुप्फुसात जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. घरच्यांच्या हातात फुलपात्र असतं, रुग्ण आडवा असतो, आणि तहानलेल्याला पाणी देणं तर पुण्याचं काम.

यासाठी आता एक आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे. पेय आणि अन्न शून्य ते सात अशा पातळ्यांत बसवतात. पाणी शून्यावर, नेहमीचं जेवण सातवर. पेय तपासायला महागडं यंत्र लागत नाही. दहा मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खालचं तोंड बोटाने दाबायचं, दहापर्यंत पेय भरायचं, बोट काढायचं आणि दहा सेकंदांनी परत लावायचं. आत चार ते आठ मिलिलिटर उरलं तर ती दुसरी पातळी, आठाहून जास्त उरलं तर तिसरी. आम्ही या सिरिंजमधून ताक, कढी, मुगाचं कढण, नाचणीची आंबील आणि तांदळाची पेज, सगळं सोडून पाहिलं. पेजेने आम्हाला बरंच शिकवलं. चुलीवरून उतरवलेली पेज झरझर गळते, निवली की दाटते. म्हणजे स्वयंपाकघरात मोजून उपयोग नाही, भरवायच्या वेळी मोजायची. त्याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट. भरवणाऱ्या बाईने चमचा रुग्णाच्या तोंडातून काढून परत वाटीत बुडवला, की थोड्या वेळात वाटीतली पेज पाण्यासारखी होते. लाळेतलं पाचक द्रव्य पिठूळ पदार्थ फोडतं, आणि घट्ट म्हणून सुरू केलेली पेज शेवटच्या चमच्यांना पातळ होऊन घशात धावते. म्हणून दोन वाट्या. एकीत साठा, दुसरीत चार-पाच चमचेच काढून घ्यायचे. आम्ही नातेवाइकांना हे खाटेजवळ करून दाखवायचो, सांगून ते ध्यानात राहत नाही.

दाट पेज पातळ होण्याचा हाच गुण दुसऱ्या रुग्णाला तारतो. नाकातून नळी घातलेल्याला दाट खीर दिली तर नळी तुंबते. पाणी घालून पातळ केली तर पोट पाण्याने भरतं आणि अंगाला काही लागत नाही. कुपोषित बाळाचंही तेच, त्याचं पोट मुठीएवढं. आपल्या आयाबाया नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करत आल्या आहेत. मोड येताना धान्यातही पीठ फोडणारं पाचक द्रव्य तयार होतं. शिजवलेली दाट खीर जरा निवल्यावर तिच्यात चमचाभर मोडाच्या धान्याचं पीठ ढवळलं, की बघता बघता ती सैल होते, आणि त्यासाठी पाण्याचा थेंबही वाढवावा लागत नाही. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर शिस्तीने काम केलं. डब्यातल्या महागड्या पावडरींना माझा सरसकट विरोध नाही, अतिदक्षता विभागात त्या लागतात. पण ज्या कुटुंबाला महिनोन्‌महिने घरी नळीतून भरवायचं आहे, त्यांना मोडाचं पीठ आणि स्वच्छतेचे नियम शिकवून पाठवणं आपलं काम आहे.

यकृताच्या रुग्णांबद्दल थोडक्यात. रुग्णालयात रात्रीचं जेवण सात वाजता संपतं, चहा सकाळी सातला. आपल्याला बारा तासांचं काही वाटत नाही. सिरॉसिसच्या रुग्णाच्या यकृतात साठाच नसतो, एका रात्रीच्या उपासात त्याचं शरीर निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकं स्वतःला खाऊ लागतं. त्याला झोपताना काहीतरी हवं. दूध-पोहे, राजगिऱ्याचा लाडू, दहीभात. यकृत बिघडून भ्रम झाला की प्रथिनं बंद करायची, असं आम्हाला शिकवलं होतं. २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी तुलना करून दाखवलं की नेहमीइतकी प्रथिनं दिल्याने भ्रम वाढत नाही. तरी जुनी सवय अजून केसपेपरांवर उतरते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री खाटेला लागणारी एनबीएमची, म्हणजे तोंडाने काहीही न देण्याची, पाटीही अशीच. भूलतज्ज्ञांचे आजचे नियम सांगतात, हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी, बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. प्रत्यक्षात रात्री दहापासून तोंड बंद, दुपारी तीनला निरोप येतो की आज यादी पुढे गेली, आणि तोवर स्वयंपाकघराला कुलूप लागलेलं. हाडं मोडलेल्या म्हाताऱ्या बायका असे लागोपाठ उपास काढून टेबलावर जातात. यादीतून नाव गळलेल्यांसाठी राखलेली थोडी खिचडी, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो.

धर्म आणि रीतिरिवाज हीसुद्धा आहाराची गरजच आहे, लाड नव्हे. जैन आजींना सूर्यास्ताआधी ताट मिळालं नाही तर त्या उपाशी झोपतात, त्यांचं ताट साडेपाचला पाठवता येतं. रमजानमध्ये आजाऱ्याला सवलत असते, तरी ज्याला रोजा धरायचाच आहे आणि डॉक्टरांची हरकत नाही, त्याचं जेवण सेहरी आणि इफ्तारला बसवता येतं. एकादशीला मधुमेही आजोबा ऐकणार नसतील तर साबुदाण्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, दही आणि काकडी. अंडं न खाणाऱ्याला त्याच्या जागी केळं देऊन चालत नाही. अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, तेवढी द्यायची तर पेलाभर दूध नाहीतर मूठभर शेंगदाणे लागतात.

अन्नाचा उपचार म्हणून किती जोर असतो, हे आपल्याच देशात क्षयरोगाने दाखवून दिलं आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा दहा किलोचा शिधा दिला: तांदूळ, भाजक्या हरभऱ्याचं पीठ, दूधपावडर, तेल. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. घरातल्या इतरांनाही शिधा दिला, तेव्हा त्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. निक्षय पोषण योजनेची महिन्याची रक्कम २०२४ मध्ये पाचशेवरून हजार रुपये झाली, ते योग्यच झालं. पण ज्या वॉर्डात क्षयरुग्ण महिनाभर पडून असतो, तिथे त्याचं वजन दर आठवड्याला होतं का? काटा कोपऱ्यात असतो, सेल संपलेले असतात.

ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत ज्याला भरवावं लागतं त्याचं जेवण लाल ट्रेमधून येतं. ट्रे लाल दिसला की तो उचलण्याआधी कोणीतरी थांबतं आणि बघतं. आपल्याकडे लाल फडकं चालेल. नोंदीचाही बाऊ नको. पूर्ण, अर्धं, पाव, काही नाही, या चारांपैकी एकावर खूण. ती खूण मावशींनी करावी, कारण ताट उचलतात त्या. आमच्याकडे हे काही महिने चाललं, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या मावशीसुद्धा चतकोर भाकरीचं चित्र बघून बिनचूक खूण करायच्या. सलग दोन दिवस "पाव" दिसलं की मी त्या खाटेशी जायची. कारण बहुतेक वेळा साधंच निघायचं. कवळी घरी राहिलेली, उजवा हात सलाइनला बांधलेला, पाण्याची बाटली हाताला लागत नाही, नाहीतर तोंड आलेलं. नंतर अधिकारी बदलले आणि तो कागद बंद झाला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

शेवटी, घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हातातला कागद. छापील तक्त्यात ओट्स, ब्राउन ब्रेड, सफरचंद असतं. एका शेतमजूर बाईंच्या मुलीने तो वाचून मला विचारलं, "हे आमच्याकडं कुठं मिळतंय?" आम्ही खाली बसून तिच्या घरात काय आहे ते लिहून काढलं. ज्वारी, तूर, शेंगदाणे, परड्यातला शेवगा, चार कोंबड्या, शेळीचं थोडं दूध. त्यातूनच तिच्या आईचा दिवसभराचा आहार बसला, आणि एक पैसाही वाढला नाही. त्या कागदाची दुसरी प्रत आम्ही गावच्या आशाताईंसाठी द्यायला लागलो, कारण पंधरा दिवसांनी उपकेंद्रात वजन करायला त्याच घेऊन येतात.